मामासाठी पहिला सुरा

प्रश्न : मी अकरावीत आहे. मामा लष्करात आहेत, दिवाळीला सुट्टीवर येतील. गावच्या लोहारकाकांच्या भट्टीवर त्यांच्यासाठी सुरा घडवायचाय. कसा करू?

उत्तर : ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद घे. जुन्या पाट्यात बारीक तडे लपलेले असतात, म्हणून कोरा तुकडा माग. पातं साडेचार इंच पुरे. जवानाला दोरी कापायची असते, सिनेमातली झुंज खेळायची नसते! शिवाय 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतं.

खरी कसोटी पाणी देताना. लाल पात्याला लोहचुंबक चिकटेनासं झालं की आणखी किंचित तापव आणि कोमट गोडेतेलात टोकाकडून सरळ बुडव. साध्या पाण्यात तडकण्याची भीती. तेल भडकतं, तेव्हा लोखंडी डबा, झाकण, चष्मा आणि काका शेजारी हवेतच. नंतर कानस पात्यावरून नुसती घसरली, तर जमलं. पण आता ते काचेसारखं ठिसूळ असतं. लगेच 200 अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर, असं दोनदा ठेव. घासलेल्या पात्यावर फिकट पिवळी झाक येईल. हे टाळलंस तर हातातून पडताच दोन तुकडे.

मूठ शिसवाची, रिवेट पितळी. धार सगळ्यात शेवटी. आणि मामा विमानाने परतणार असतील, तर सुरा चेक-इनच्या बॅगेत.