मधले अक्षर बदलले की

वाचकहो, आता तुम्हांला मराठी वाचता येऊ लागले आहे. एस.टी.ची पाटी तुम्ही वाचता. सातबाऱ्यावरचे आपले नाव बोट ठेवून वाचता. पण काही शब्द असे आहेत की, ते आपल्या तोंडात रोज असतात, आणि कागदावर दिसले की मात्र आपण थांबतो. टन, नेट, नट, पिन, पेन, पॅन. बोलायला आपलेच, पण छापलेले असतात इंग्रजी लिपीत.

इंग्रजी म्हणजे मोठे काम, असे समजून कोणी पुस्तक मिटू नये. आज आपल्याला सगळी इंग्रजी शिकायची नाही. आठ अक्षरे ओळखायची आणि त्यांचा एक खेळ खेळायचा, एवढेच. खेळ म्हटला तरी तो पोरखेळ नव्हे. का नव्हे, ते पुढे येईलच.

आधी मराठीतले एक उदाहरण पाहू. ‘च’ आणि ‘र’ ही दोन अक्षरे घ्या. ‘चर’ म्हणजे शेतात खणलेला. काना दिला की ‘चार’ झाले. मग ‘चीर’, ‘चूर’ आणि ‘चोर’. दोन्ही अक्षरे जागेवर आहेत, फक्त काना-मात्रा बदलली. तेवढ्याने चाराचा चोर झाला! कोणाच्या नावापुढे चुकून अशी मात्रा पडली तर भांडण व्हायचे.

इंग्रजीत काना, मात्रा, वेलांटी नाही. तिथे या कामाला पाच पुरी अक्षरे ठेवली आहेत : ए, ई, आय, ओ, यू. ती दोन अक्षरांच्या मध्ये येऊन बसतात. आपली मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते, त्यांची शेजारी बसते. फरक एवढाच.

खोक्यांवर, पोत्यांवर, पावत्यांवर बहुधा मोठी इंग्रजी अक्षरे असतात. त्यांचे आकार असे. ‘ए’ म्हणजे तंबूचे दोन तिरपे खांब आणि मध्ये आडवी पट्टी. ‘ई’ दाताळ्यासारखी : एक उभी काठी आणि उजवीकडे तीन दाते. ‘आय’ ही नुसती उभी काठी. ‘ओ’ भाकरीसारखा वाटोळा. ‘यू’ पोहऱ्यासारखा, वर उघडा. ही झाली पाच. आता तीन अक्षरे बाजूला बसणारी. ‘टी’ म्हणजे खांबावर ठेवलेले आडवे लाकूड. ‘एन’ म्हणजे दोन उभे खांब, आणि डाव्याच्या डोक्यापासून उजव्याच्या पायापर्यंत गेलेली तिरपी काठी. ‘पी’ म्हणजे उभी काठी, आणि तिच्या वरच्या अर्ध्या भागाला उजवीकडे पोट. काडी घेऊन अंगणातल्या धुळीत एकदा ही अक्षरे काढा. हाताला वळण लागले की डोळाही ओळखतो.

आता ‘टी’ पहिला ठेवा, ‘एन’ शेवटचा ठेवा, आणि मधली जागा मोकळी सोडा. मध्ये ‘ई’ बसवली की ‘टेन’. टेन म्हणजे दहा. ‘आय’ बसवला की ‘टिन’, म्हणजे पत्रा किंवा पत्र्याचा डबा. ‘ए’ बसवला तर ‘टॅन’, म्हणजे कातडे कमावणे. आणि ‘ओ’ बसवला की ‘टन’. तो तर ऊसवाल्याला सांगायला नकोच! हजार किलोचा एक टन. इथे ‘ओ’ असूनही आपण ‘टॉन’ म्हणत नाही, ‘टन’ म्हणतो. इंग्रजीत अशी लबाडी पुष्कळ आहे. लिहितात एक, बोलतात दुसरे. त्या बाबतीत आपली बाराखडी फार सरळ, असे आम्हांला वाटते.

आता हेच शब्द उलटे वाचा. मोठी गंमत आहे. ‘टेन’ उलटा वाचला की ‘नेट’ होतो. ‘टिन’ उलटा वाचला की ‘निट’, म्हणजे डोक्यातली लीख. ‘टन’ उलटा की ‘नॉट’, म्हणजे नाही. आणि ‘एन’ व ‘टी’ यांच्या मध्ये पोहरा ठेवला, म्हणजे ‘यू’ ठेवला, की ‘नट’. हा नाटकातला नट नव्हे, बोल्टावर फिरवतात तो.

यांतला ‘नेट’ हा शब्द नीट ध्यानात ठेवा. नेट म्हणजे जाळी. मोबाइलवाला जे नेट म्हणतो, तेही मूळचे जाळेच. पण व्यापारात नेट म्हणजे निव्वळ. वजनकाट्याची पावती हातात घ्या. तिच्यावर तीन आकडे असतात. ग्रॉस, टेअर आणि नेट. ग्रॉस म्हणजे मालासकट गाडीचे वजन. टेअर म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन. पहिल्यातून दुसरे वजा केले की उरते ते नेट. समजा, भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसह 15 टन भरली, आणि रिकामी झाल्यावर 4 टन भरली. तर नेट 11 टन. आपल्याला पैसे मिळायचे ते या 11 टनांचे. ग्रॉसचा आकडा मोठा असतो, तो पाहून माणूस खूश होतो, आणि नेटच्या आकड्याकडे बघतच नाही. आपण नेट बघावा. एन, ई, टी. दोन खांब व तिरपी काठी, मग दाताळे, मग खांबावरचे लाकूड. त्याच्यापुढचा आकडा आपला. वजाबाकी स्वतः करून पाहावी. काट्यावरच्या माणसाला त्याचा राग यायचे कारण नाही.

पोत्यावरही हाच शब्द असतो. युरियाची गोणी पूर्वी 50 किलोची असे. 2018 साली ती 45 किलोची केली. गोणी दिसायला तशीच. जुन्या सवयीने आपण पन्नास धरून हिशेब करतो, आणि एकराला किती पडले ते चुकते. गोणीवर नेट वजन छापलेले असते, ते वाचले म्हणजे झाले.

दोनच अक्षरांचीही एक जोडी आहे. आधी ‘ओ’ आणि मग ‘एन’ आला तर ‘ऑन’, म्हणजे चालू. आधी ‘एन’ आणि मग ‘ओ’ आला तर ‘नो’, म्हणजे नाही, मनाई. विजेच्या खटक्यावर ऑन असतो, रस्त्याच्या पाटीवर नो असतो. अक्षरे तीच दोन. भाकरी आधी की खांब आधी, एवढेच पाहायचे.

आता ‘टी’ काढून ‘पी’ आणू. ‘पी’ पहिला, ‘एन’ शेवटचा. मध्ये ‘ई’ : पेन, आपली लेखणी. मध्ये ‘आय’ : पिन, म्हणजे टाचणी. मध्ये ‘ए’ : पॅन, म्हणजे पसरट कढई. मध्ये ‘यू’ : पन, म्हणजे शब्दावर केलेली कोटी. झाला खेळ. पण पिन आणि पॅन यांना आणखी अर्थ आहेत, आणि तिथे जरा थांबायला हवे.

पिन दोन प्रकारचे आहेत. एक टपालाचा. पत्त्याच्या शेवटी सहा आकडे लिहितात तो. 15 ऑगस्ट 1972 रोजी तो सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर नावाच्या मराठी माणसाने ती योजना आखली. ते टपालखात्याच्या मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतात कविता करीत. महाराष्ट्राचा व गोव्याचा पिन 4 या आकड्याने सुरू होतो. आपल्या गावाचा पाठ करून ठेवा. हा पिन गुप्त नाही. सगळ्या गावाचा तो एकच असतो, मग लपवायचा कोणापासून?

दुसरा पिन बँकेच्या कार्डाचा. तो बहुधा चार आकडी असतो. मोबाइलवरून पैसे पाठवताना घालतात तो चार किंवा सहा आकडी. हा पिन म्हणजे कणगीची किल्ली. तो आपल्या एकट्याचा. बँकेच्या साहेबालासुद्धा तो सांगायचा नसतो, आणि खरा साहेब तो विचारीतही नाही.

पॅन हा तिसराच. ते आयकर खात्याने दिलेले कायमचे खातेक्रमांक. त्याच्या कार्डावर दहा खुणा असतात : आधी पाच इंग्रजी अक्षरे, मग चार आकडे, मग एक अक्षर. बँकेत, कचेरीत तो मागतात आणि कामापुरता द्यावाही लागतो.

बोलताना पिन आणि पॅन यांत फरक तो किती? एका मात्रेचा. ठग त्याचाच फायदा घेतात. फोन येतो. आवाज गोड असतो. “काका, बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड आज बंद पडणार. कागदावर पॅन आहे ना? तो सांगा. आता पिन सांगा.” काका पॅन सांगतात, कारण तो पूर्वी कचेरीत सांगितलेला असतो. त्याच ओघात पिनही सांगून टाकतात. कोणाला वाटते, हा गावाचा सहा आकडी पिन मागतोय; मग समोरचा हळूच म्हणतो, “तो नव्हे काका, चार आकड्यांचा.” फोन ठेवतात तोवर खाते रिकामे.

दुसरी एक युक्ती त्याहून वाईट आहे. समोरचा म्हणतो, “तुम्हांला पैसे पाठवतोय, ते घ्यायला तुमचा पिन दाबा.” हे साफ खोटे. मोबाइलवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन दाबला की पैसे जातात, येत नाहीत. एवढे एक वाक्य घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही. आणि तरीही कोणी फसलाच, तर लाजेने गप्प बसू नये. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा. तो सरकारचाच क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल, तितका पैसा अडवता येण्याचा संभव अधिक.

आता खेळाकडे वळू. जुन्या लग्नपत्रिका घरात पडलेल्या असतातच. त्यांचे चौकोनी तुकडे करा, आणि कोऱ्या बाजूला एकेक अक्षर लिहा. पाच मधली अक्षरे दोन-दोन वेळा, बाजूची अक्षरे तीन-तीन वेळा. चार-पाच जणांनी दिव्याखाली बसावे. एकाने बाजूची दोन अक्षरे मांडावी, दुसऱ्याने मधले घालावे. शब्द झाला तर एक गुण. त्याचा अर्थ सांगितला तर आणखी दोन. तो शब्द गावात कुठे लिहिलेला आहे ते सांगितले, तर आणखी एक. वर्गात आम्ही असेच गुण देतो. अर्थाला जास्त गुण ठेवल्यामुळे नुसते धडाधड तुकडे मांडणारा मागे पडतो, आणि विचार करणारी एखादी आजी बाजी मारून जाते.

अक्षर बदलण्याचा असा खेळ मोठमोठ्यांनी खेळला आहे. इंग्लंडात लुइस कॅरोल या टोपणनावाचे एक लेखक होते. ऑक्सफर्डला गणित शिकवीत. 1877 च्या नाताळात त्यांनी एक खेळ काढला. एका वेळी एकच अक्षर बदलायचे, दर वेळी खरा शब्द व्हायला हवा, आणि असे करीत एका शब्दावरून दुसऱ्यावर पोचायचे. जिन्याच्या पायऱ्या उतराव्या तसे. आपण मांजराचा कुत्रा करून पाहू. कॅट म्हणजे मांजर : सी, ए, टी. मधला ‘ए’ काढून ‘ओ’ घातला, कॉट झाला. कॉट म्हणजे खाट. पुढचा ‘सी’ काढून ‘डी’ घातला, डॉट झाला, म्हणजे ठिपका. शेवटचा ‘टी’ काढून ‘जी’ घातला, डॉग झाला. डॉग म्हणजे कुत्रा. तीन पायऱ्यांत मांजर भुंकू लागले! त्यांतली कॉट तर आपल्या घरचीच. इंग्रज इथे आले, त्यांनी हिंदीतली खाट उचलली, तिची कॉट केली, आणि आता आपण तीच कॉट दुकानातून विकत आणतो.

स्क्रॅबल नावाचा खेळ शहरात खेळतात, तोही याच जातीचा. अमेरिकेत 1930 नंतरच्या मंदीत आल्फ्रेड बट्स नावाच्या घरे आखणाऱ्या माणसाचे काम सुटले. त्याने बसून हा खेळ रचला. वर्तमानपत्रात कोणते अक्षर किती वेळा येते, ते त्याने मोजले. जे फार वेळा येते, त्याला गुण कमी. जे क्वचित येते, त्याला जास्त. इंग्रजी खेळात 100 सोंगट्या असतात. त्यांत ‘ई’ 12 वेळा येते, म्हणून तिला एकच गुण. ‘टी’ आणि ‘एन’ यांनाही एकेक. ‘पी’ला तीन. म्हणजे ‘टेन’चे तीन गुण झाले आणि ‘पिन’चे पाच. मराठी वर्तमानपत्राचे एक पान घेऊन ‘र’ किती आणि ‘ढ’ किती, हे मोजून पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यातल्या रिकाम्या दुपारी कोणीतरी करा.

अभ्यास

‘बी’ पहिला ठेवा आणि ‘टी’ शेवटचा. ‘बी’ म्हणजे उभी काठी आणि उजवीकडे दोन पोटे. मध्ये ‘ए’ घातला तर बॅट, चेंडू मारायची फळी. ‘ई’ घातली तर बेट, म्हणजे पैज. ‘आय’ घातला तर बिट, म्हणजे लहान तुकडा. ‘यू’ घालून काय होते? त्याचा मराठी अर्थ आहे ‘पण’. आता हे सगळे उलटे वाचा, आणि कोणत्या उलट्या शब्दाचा अर्थ अंघोळीचे मोठे भांडे असा होतो, ते शोधा.

घरातले एक पोते, एक पावती आणि एक औषधाचे खोके घ्या. त्यांवर नेट हा शब्द कुठे आहे, की कुठेच नाही, ते पाहा. त्याच्यापुढचा आकडा वहीत मराठीत लिहून वर्गात आणा.