पेठ : पठारावरील वस्तीचा इतिहास कसा वाचावा

पुण्याहून नाशिककडे जाताना अवसरी घाट उतरण्यापूर्वी पेठ हे गाव लागते. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारापैकी हे एक. घाटाखाली घोड नदीचे खोरे आहे. डिंभे धरणाच्या कालव्यांनी तेथे बारमाही पिके उभी राहिली. पठार उंचावर असल्याने ते पाणी येथे चढत नाही. येथील शेतकरी आकाशाकडे पाहूनच पेरतो.

तरीही याच कोरडवाहू पठाराने खरिपाच्या बटाट्यात नाव कमावले आहे. मंचरच्या बाजारात पंजाबातून बियाणे येते, जूनच्या पावसावर लागवड होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. बियाणे, खत, मजुरी हा सारा खर्च आधी करायचा. पावसाने ओढ दिली तर बटाटा पोसत नाही, झड लागली तर करपा पडतो. काढणीच्या वेळी औतामागे वाकून बटाटे वेचणाऱ्या बहुधा स्त्रिया असतात. त्यांचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच आढळते.

गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची खरी अडचण हीच आहे. नोंद जमिनीची होते, राबणाऱ्याची होत नाही. याच भागातील जुन्नरजवळ मानमोडीच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांतील एका लेखात एका शक उपासकाने वडालिका गावातील 20 निवर्तने जमीन दिल्याची आणि करंजाच्या झाडांची नोंद आहे. दात्याचे नाव दगडावर टिकले. ती जमीन कोण कसत होते, याविषयी दगड मुका आहे.

आपल्या समाजाच्या वाट्याला आलेली नोंद तर अधिकच विचित्र होती. वेसकरी, सांगावा पोहोचवणे, सीमेची राखण या कामांबद्दल महार वतनाचा जमिनीचा तुकडा मिळे. पण त्या तुकड्यापायी सारे घराणे चोवीस तास सरकारचे आणि गावाचे बांधील होई. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. हातची जमीन जाईल या भीतीने आपल्यातीलही काही जण तेव्हा बिचकले, हे लपविण्यात अर्थ नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा शेवटी 1958 साली झाला. कब्जेहक्काची रक्कम भरून जमिनी पुन्हा देण्यात आल्या, परंतु विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट राहिली. सातबाऱ्यावरील ‘भोगवटादार वर्ग 2’ हे शब्द अनेक घरांत आजही त्या काळाची खूण आहेत.

म्हणून सुट्टीत घरी गेल्यावर विद्यार्थ्यांनी प्रथम जुने फेरफार उतारे पाहावेत आणि मग आजीजवळ बसावे. कोणत्या वावरात कोणाबरोबर वेचणी केली, मजुरी धान्यात मिळाली की पैशांत, दुष्काळात पाणी कोठून आणले, एवढे विचारले तरी वही भरेल. उताऱ्यावर तारीख मिळेल. त्या तारखेला घरात चूल पेटली होती की नाही, ते आजीच सांगेल.