बौद्धिक संपदेतील करिअर: कायद्याच्या पदवीपलीकडचे क्षेत्र

माणसाच्या बुद्धीतून निर्माण झालेला शोध, ग्रंथ, बोधचिन्ह किंवा वस्तूची रचना यांवर कायद्याने मान्य केलेल्या हक्कांना बौद्धिक संपदा म्हणतात, आणि या हक्कांची नोंदणी, राखण व देवघेव यांभोवती आज एक स्वतंत्र व्यवसाय उभा आहे. हे क्षेत्र वकिलांचेच, अशी बहुतेक पालकांची समजूत असते. पेटंटच्या बाबतीत ती सरळ चुकीची ठरते. 1970 च्या पेटंट कायद्यानुसार पेटंट एजंट, म्हणजे संशोधकाच्या वतीने अर्ज तयार करून तो पेटंट कार्यालयापुढे चालवणारी व्यक्ती, होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि सरकारी पात्रता परीक्षा आवश्यक असते. कायद्याच्या पदवीची अट तेथे नाही.

या अटीमागे कारण आहे. पेटंट हा नव्या शोधावर 20 वर्षांपुरता मिळणारा एकाधिकार असल्याने शोध खरोखर नवा आहे का, हा प्रश्न आधी त्या त्या शास्त्राचा असतो. ग्लिवेक या कर्करोगावरील औषधाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला, तेव्हा ज्ञात रेणूच्या नव्या स्फटिकरूपामुळे औषधाची गुणकारकता वाढते का, हाच वादाचा गाभा होता, आणि त्या निकालाचा संबंध सामान्य रुग्णाला परवडणाऱ्या किमतीशी होता.

मात्र विज्ञान आणि कायदा एवढ्यानेही भागत नाही. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर 1995 मध्ये अमेरिकेत दिले गेलेले पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ व छापील शोधनिबंध पुराव्यादाखल मांडले म्हणून. शोधाआधी उपलब्ध असलेल्या माहितीला या व्यवसायात पूर्वज्ञान म्हणतात, आणि ते धुंडाळणाऱ्याला प्रयोगशाळेइतकेच ग्रंथालयही ठाऊक असावे लागते. संस्कृत किंवा आयुर्वेद शिकणाऱ्या मुलाच्या भवितव्याची काळजी करणाऱ्या घरांत ही बाब सहसा पोहोचलेली नसते.

कायद्याची खरी कसोटी लागते ती एखादे ज्ञान कुणा एका व्यक्तीचे नसून समाजाचे असते तेव्हा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या वस्तूच्या नावाचे संरक्षण, मिळाले आणि त्यात महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातील कारागीरही सामावले गेले. 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, तेव्हा संताप उसळला. परंतु मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते, घाटाचे नव्हे, आणि कंपनीने ते नाव वापरलेलेच नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून विकसित केलेला एचएमटी तांदूळ दूरवर पोहोचला, त्या काळी शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करू देणारा कायदाच नव्हता. तो 2001 मध्ये आला. कारागिरांच्या व शेतकऱ्यांच्या संस्थांना नोंदणीपासून गुणवत्तेच्या देखरेखीपर्यंत जाणत्या माणसांची गरज आहे, पण तेथील मोबदला औषध कंपन्यांच्या तोडीचा नसतो, हेही पालकांनी समजून घेतलेले बरे.

प्रत्यक्ष वाट आखताना मूळ पदवी भक्कम असणे सर्वांत महत्त्वाचे, कारण वर्षभराची पदविका त्या पदवीला पूरक ठरते, तिची जागा घेत नाही. व्यापारचिन्हांच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या, एजंटाची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. प्रकाशन, चित्रपट व संगीत यांतील कॉपीराइटच्या कामात कला शाखेची मुलेही रुळतात. न्यायालयात उभे राहायचे असल्यास मात्र कायद्याची पदवी आणि वकिलीची सनद हवीच. शिवाय या व्यवसायाचा बराच भाग लेखनाचा असून पेटंट अर्जातील एका सैल शब्दाने संरक्षणाची व्याप्ती आक्रसू शकते, त्यामुळे नेमके इंग्रजी लिहिण्याचा सराव पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच करावा लागतो. नागपुरात या विषयाच्या प्रशिक्षणासाठी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तर जिनिव्हास्थित जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क आहे. खासगी पदविकेचे शुल्क भरण्याआधी पालकांनी मुलाला तो एकदा पूर्ण करू द्यावा.