पहिलटकरणीला घाई नको, साथ हवी



सातपुड्याच्या पाड्यांवर परिचारिका म्हणून फिरताना मला वरचेवर ऐकू येते, "सिस्टर, कळांचे इंजेक्शन देऊन टाका ना!" बोलणारी बहुधा सासू असते आणि तिची काळजी खरी असते. सून रात्रभर कण्हते आहे, पण बाळ येत नाही.

मी तिला समजावते की पहिल्या खेपेला वेळ लागतोच. गर्भाशयाचे तोंड सुमारे 5 सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ कोणाला थोडा, तर कोणाला फार लांब असतो. तिथून पूर्ण उघडायला पहिलटकरणीला 12 तासही लागू शकतात. घरी कोणाकडूनही टोचून घेतलेल्या इंजेक्शनाने कळा अनावर होतात, बाळाचा प्राणवायू कमी पडतो, गर्भाशय फाटूही शकते. ते औषध दवाखान्यात, देखरेखीखालीच द्यायचे असते.

मग घरच्यांनी काय करावे? आई आणि बाळ ठीक असतील तर पुढील साध्या गोष्टी कराव्यात.

1. तिला चालू द्या. उताणे निजवून ठेवू नका. उभे राहणे, बसणे, गुडघ्यांवर ओणवणे यामुळे बाळ खाली सरकायला मदत होते. उभ्या-बसत्या स्थितीत पहिला टप्पा सरासरी तासाभराहून अधिक लवकर आटोपतो, असे अभ्यासात दिसले आहे. दमली तर कुशीवर निजवा.

2. घोटघोट पाणी, पेज, ताक द्या. उपाशी बाईला जोर कुठून येणार?

3. दर दोन तासांनी लघवीला पाठवा. भरलेले मूत्राशय बाळाची वाट अडवते.

4. तिच्या विश्वासाची एक बाई सतत जवळ असू द्या. कंबर चोळणे, हात धरणे, धीर देणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे. भीतीने कळा मंदावतात. सोबतीने प्रसूती लवकर होते आणि शस्त्रक्रियेची वेळही कमी येते.

पोट दाबणे, एरंडेल किंवा झाडपाला पाजणे मात्र नको. दिवस भरण्याआधी कळा आणण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. 41 आठवडे झाले तरी कळा नसतील, तर पुढचा निर्णय डॉक्टरांचा.

रक्त जाणे, हिरवट पाणी जाणे, पाणी जाऊनही कळा न येणे, बाळाची हालचाल मंदावणे, ताप, झटके, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. 108 ला फोन करा. जिथे गाडी पोहोचत नाही तिथल्या गरोदर बाईने तारखेच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात येऊन राहावे. सरकारी दवाखान्यात प्रसूती मोफत असते.

आपण पाठवलेल्या मदतीतून औषधे येतात, त्याबद्दल आभार. पण रात्रभर कोणाचा हात धरून बसणारी बाई विकत मिळत नाही. आपल्या मंडळीतील प्रत्येक आजी-मावशीला हा धडा वाचून दाखवा. अशी एक बाई प्रत्येक पाड्यावर तयार व्हावी, एवढीच प्रार्थना करा.