काट्यावरचे आकडे अंधुक झाले तर?



ऊस मौद्याकडचा असो की रामटेककडचा, गाडी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यांवर खिळते. वर्षभराच्या घामाचे मोल तिथेच ठरते. म्हणून जुन्या इलेक्ट्रॉनिक काट्याचे आकडे फिके दिसू लागले तर "चालायचंच" म्हणून सोडून देऊ नये.

एका हंगामात आमच्या एका सभासदाला गाडीत आठ टन कमी दिसले. पावतीवर मात्र वजन बरोबर होते. हे कसे झाले? काट्यावरचा इंग्रजी आकडा सात रेघांचा असतो. आठातली मधली रेघ विझली की तो शून्य दिसतो. १८,४५० किलोची गाडी १०,४५० ची वाटते!

वजन मोजतात ते फळीखालचे लोडसेल. आकडे फक्त दाखवायचे काम करतात. त्यामुळे आकडे फिके म्हणजे वजन खोटे, असे लगेच समजू नये. पण वीजपुरवठाच कमजोर असेल तर वजनावरही भरवसा ठेवता येत नाही. म्हणून तपासणी क्रमाने करावी.

१. काचेवर धूळ आणि भुसा बसतो. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. उन्हाची तिरीप पडत असेल तर आडोसा करा.

२. व्होल्टेज पाहा. २३० च्या बरेच खाली असेल, किंवा काटा उतरलेल्या बॅटरीवर चालत असेल, तर आधी ते दुरुस्त करा.

३. काटा सुरू करताना बऱ्याच यंत्रांत क्षणभर सगळीकडे आठ उमटतात. तेव्हा एखादी रेघ गायब आहे का, ते नीट पाहा.

४. सगळेच आकडे सारखे फिके असतील तर दोष बहुधा पुरवठ्यात असतो. नागपूरकडच्या उन्हाळ्यात आतले कपॅसिटर सुकतात. एकच आकडा किंवा रेघ गेली असेल तर दोष त्या आकड्यात किंवा त्याच्या जोडणीत असतो.

५. हिरवट-निळ्या आकड्यांची काचनळी वर्षानुवर्षे जळून मंद होते. तिला उपाय एकच, ती बदलणे. काळ्या आकड्यांच्या पडद्यामागचा दिवा गेला आहे का, तेही पाहावे.

पेटी मात्र कोणी स्वतः उघडू नये. वायर काढली तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. शिवाय पेटीला सरकारी सील असते. २००९ चा वैध मापन शास्त्र कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्याच्या नियमांप्रमाणे अशा काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी व्हावी लागते. दुरुस्तीसाठी सील तोडले तर फेरपडताळणी होऊन नवा शिक्का बसल्याशिवाय त्या काट्यावर ऊस घेता येत नाही.

सभासदांनी एवढे करावे : गाडी चढण्यापूर्वी काट्यावर शून्य पाहावे, भरल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन स्वतः वाचावे, ते पावतीशी ताडावे. फरक दिसला तर गाडी हलवण्यापूर्वीच बोलावे. गाडी खाली झाल्यावर वाद उरतो, पुरावा उरत नाही.