सिलिंडर, कंटेनर आणि दुसरं लेबल

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधल्या वेल्डिंगच्या कोपऱ्यात उभी असलेली जोडी आठवते का? काळा सिलिंडर ऑक्सिजनचा, मरून ॲसिटिलीनचा. एकाच ट्रॉलीला साखळीने बांधलेले, जणू सख्खे भाऊ. ऑक्सिजनचे आटे उजवे आणि ॲसिटिलीनचे डावे का, हा व्हायवातला हमखास प्रश्न, आणि एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसू नये म्हणून, हे उत्तर सीनियर्सकडून पाठ करून घेतलेलं. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हीच जोडी न्हावा शेवाहून जहाजाने दुबईला पाठवायची झाली, तर दोन्ही एकाच कंटेनरमध्ये भरता येतील का?

येणार नाहीत. हे 'नाही' कसं निघतं ते बघण्यासारखं आहे, कारण घाईत बघणाऱ्याला तिथे 'हो' दिसतं.

समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याचे नियम आयएमडीजी कोड नावाच्या जाडजूड पुस्तकात आहेत. इंटरनॅशनल मेरिटाइम ऑर्गनायझेशनने तो १९६५ साली स्वीकारला, १ जानेवारी २००४ पासून तो बंधनकारक झाला आणि दर दोन वर्षांनी त्यात सुधारणा होते. मालाचे नऊ वर्ग आहेत. वायू दुसऱ्या वर्गात, आणि त्याचेही तीन भाग: २.१ म्हणजे ज्वलनशील (लाल लेबल), २.२ म्हणजे ज्वलनशीलही नाही आणि विषारीही नाही (हिरवं), २.३ म्हणजे विषारी (पांढरं, कवटीवालं).

कोणता माल कोणापासून किती लांब ठेवायचा, याचा एक तक्ता आहे. आडव्या ओळीत एक वर्ग, उभ्या ओळीत दुसरा, आणि जिथे भेटतील तिथला आकडा वाचायचा. १ म्हणजे जरा दूर. २ म्हणजे वेगळा. ३ म्हणजे मध्ये एक अख्खा होल्ड किंवा कप्पा हवा. ४ म्हणजे तो होल्ड जहाजाच्या लांबीच्या दिशेनेच मध्ये हवा. काही घरांत आकड्याऐवजी फुली असते.

आता ॲसिटिलीन २.१, ऑक्सिजन २.२. तक्त्यात बघितलं तर फुली! बरेच जण इथेच पुस्तक मिटतात. पण फुली म्हणजे मोकळीक नव्हे. फुलीचा अर्थ एवढाच, की हा तक्ता काही सांगत नाही, त्या पदार्थाची यादीतली स्वतंत्र नोंद बघा. ऑक्सिजनच्या नोंदीत हिरव्या लेबलाशेजारी एक पिवळं लेबलही आहे, ५.१, म्हणजे ऑक्सिडायझर. नियम असा, की मुख्य धोका आणि दुय्यम धोका, दोन्हींनी तक्ता बघायचा आणि जे कडक निघेल ते धरायचं. २.१ आणि ५.१ जिथे भेटतात तिथे आहे २. आणि ज्यांना एकमेकांपासून 'वेगळं' ठेवायचं, ते एका कंटेनरमध्ये जात नाहीत. विषय संपला.

कोणी म्हणेल, वर्कशॉपमध्ये चालतं मग इथे का नाही? थोडं गणित करू. वीस फुटी कंटेनरच्या आतली जागा सुमारे ३३ घनमीटर. ऑक्सिजनचा नेहमीचा सिलिंडर ४७ लिटरच्या आसपास, दाब १५० बार, म्हणजे बाहेर आल्यावर जवळजवळ ७ घनमीटर वायू. व्हॉल्व्ह गळून तो सगळा आत मिसळत गेला आणि जास्तीची हवा फटींतून बाहेर पडली असं धरा, तर आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर जातो. अशा हवेत लाकडी पॅलेटसुद्धा फटाक्यासारखं पेटतं. ॲसिटिलीनची तर कथाच वेगळी. हवेत अडीच टक्के झालं की ते पेटायला तयार. ३३ घनमीटरचे अडीच टक्के म्हणजे ०.८ घनमीटर, आणि मोठ्या सिलिंडरमध्ये असतं साधारण ६ घनमीटर. म्हणजे एका सिलिंडरचा सातवा-आठवा हिस्सा गळला तरी पुरे. ठिणगी तर अगदी स्थिर विद्युतचीही चालते. वर्कशॉपमध्ये शेड उघडी असते आणि मास्तर ओरडायला असतात. कंटेनर उन्हात तापतो, लाटांवर हलतो आणि मुक्कामी पोचेपर्यंत त्याचं दार कोणी उघडत नाही.

मग दोन कंटेनर केले, तरी ते शेजारी चालतील? नाही. ॲसिटिलीन मालवाहू जहाजावर डेकवरच ठेवायचं, होल्डमध्ये नाही. ऑक्सिजनही डेकवर असेल, तर बंद कंटेनरांत पुढेमागे किमान ६ मीटर किंवा आडवं किमान २.४ मीटर अंतर हवं. वीस फुटी कंटेनर लांबीला सहा मीटर आणि रुंदीला २.४ मीटरच असतो, म्हणजे सरळ भाषेत मध्ये एक कंटेनर. त्यात टॉवेल भरा नाहीतर टाइल्स. मात्र एकावर एक नकोत, मध्ये जहाजाचा डेक असल्याशिवाय.

केमिकलवाल्यांसाठी दुसरी जोडी: क्लोरीन आणि अमोनिया. दोन्ही २.३. इथेही फुली. पण अमोनियाच्या नोंदीत 'क्लोरीनपासून वेगळा ठेवा' असं चक्क नाव घेऊन लिहिलंय. क्लोरीनची गळती शोधायला अमोनियाचा बोळा फिरवतात, पांढरा धूर दिसतो, हे आपण शिकलो. तोच धूर इथे टनांच्या हिशेबात. शिवाय क्लोरीन जास्त झाला तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड बनतं, आणि ते स्फोटक असतं.

क्लोरीनचं प्रकरण मुंबईकरांना नवीन नाही. जुलै २०१० मध्ये शिवडीला हाजी बंदरच्या आवारात वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला आणि शंभरहून जास्त माणसांना त्रास झाला. म्हणूनच 'रिकामा आहे हो' हे वाक्य कोड ऐकून घेत नाही. आतला वायू काढून साफ केला नसेल, तर रिकामा सिलिंडरही भरलेल्याइतकाच धोकादायक धरतात आणि लेबलं तशीच ठेवतात.

आणि काही वायू वायूंच्या यादीत नसतातच. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते, त्यांतल्या बारांत कॅल्शियम कार्बाईड. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच. वर्ग ४.३, पाण्याशी आल्यावर ज्वलनशील वायू देणारा. तो वायू म्हणजे आपलं ॲसिटिलीन! सिलिंडर नाही, लाल लेबल नाही, तरी समुद्राचं पाणी आत शिरलं की हजर.

हे सगळं चालतं कागदावरच्या नोंदीवर. जहाजावर कुठला कंटेनर कुठे, हे ठरवणारा माणूस दार उघडून बघत नाही, पाठवणाऱ्याने लिहिलेलं वाचतो. पाठवणाऱ्याने दुय्यम धोका गाळला, तर खलाशी झोपतात त्याच्यावर. समुद्रात १०१ लावून बंब येत नाही, आग विझवायला असतात ते जहाजावरचे वीस-बावीस जण. कंपनीच्या डिस्पॅचमध्ये तो कागद भरणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच नुकता पास झालेला इंजिनिअर असतो.

आता एक उदाहरण स्वतः सोडवा. हायड्रोजन २.१. क्लोरीन २.३, दुय्यम धोके ५.१ आणि ८. तक्त्यात २.१ समोर २.३ ला फुली, ५.१ ला २, ८ ला १. दोघांत किती? मेसची घंटा व्हायच्या आत जमेल. उत्तर २. ज्यांचं १ आलं त्यांनी पिवळं लेबल पुन्हा बघावं.