अभ्यासपाठ : नाताळाचा हिशेब ऑगस्टमध्ये

वाचनासाठी : लूक १४:२८-३०, १ करिंथ १६:१-२, लेवीय १२:६-८, लूक २:२२-२४



हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा बाहेर पाऊस असेल, आणि नाताळावरचा पाठ पाहून काहींना हसू येईल. पूर्वी मलाही आले असते. आमच्या नवापूर भागात या दिवसांत भाताची लावणी उरकून निंदणी सुरू असते, घरातले जुने धान्य तळाला गेलेले असते. नाताळाचे नाव कोणी काढत नाही. ते निघते डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ईस्टर दर वर्षी पुढेमागे होतो, पण नाताळ २५ डिसेंबरलाच येतो हे आपल्या संडे स्कूलच्या लेकरालाही माहीत आहे. तरी आपण दर वर्षी असे गडबडतो, जणू कोणी न कळवता पाहुणा दारात उभा राहिला.

हा पाठ लिहिण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. आधी ती सांगते.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत सेवा करत होते, तिथे नाताळाच्या कमिटीत माझे नाव होते. नवीन उत्साह होता. शेजारच्या गावात आदल्या वर्षी मोठा मांडव, लाइटिंग आणि सगळ्या गावाला जेवण झाले होते. आपलेही तसेच व्हावे असे आम्हा सर्वांना वाटले. मीच वहीवर हिशेब मांडला आणि घरटी ५०० रुपये वर्गणी सुचवली. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, जास्त होते का?" मी म्हणाले, "वर्षातून एकदाच तर आहे." वर्गणी जमली, कार्यक्रम सुंदर झाला. फोटो याच पत्रिकेसाठी पाठवले होते.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये आमच्या अभ्यासवर्गातली सातवीची एक मुलगी यायची बंद झाली. चौकशी केली तर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. आधीची तीन वर्षे ती आजीजवळ राहून शिकत होती, मग याच वर्षी का नेली? मार्चअखेर त्यांच्या पडावावर जाण्याचा योग आला, तेव्हा वडिलांनी सांगितले.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे समजावून सांगायला हवे. आमच्याकडची पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जाण्याआधीच, बहुतेक पावसाळ्यात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती बी-बियाण्यात, खाण्यात, दुखण्यात संपते. मग हंगामभर काम करून ती फेडायची. पडावावर पंधरवड्याला खावटी मिळते, तीही खात्यावर चढते. नाताळ बरोबर या हंगामाच्या मध्यात येतो. दोन दिवस घरी यायचे म्हणजे एस.टी.चे भाडे, लेकरांना कपडे, घरात मटण, आणि मंडळीची वर्गणी. हातात रोख काही नसते. तूर शेतात उभी असते, ती घरात येते नाताळानंतर. तेव्हा पुन्हा मुकादमापुढे हात.

त्या बंधूने त्या नाताळाला ६,००० रुपये उचलले होते. त्यांच्या टोळीत हिशेब दीडीने चाले. सहाचे हंगामाअखेर नऊ. आधीची उचल होतीच. एप्रिलमध्ये घरी आले ते रिकाम्या हाताने, आणि वर काही रक्कम पुढच्या वर्षाच्या नावे टाकून. ती लवकर फिटावी म्हणून पुढच्या वर्षी मोठी मुलगी अर्ध्या कोयत्याला आली. सहा हजारांत सगळी माझी वर्गणी नव्हती, हे मला कळते. पण मी जेव्हा म्हणाले, "दादा, अडचण होती तर वर्गणी दिली नसती तरी चालले असते," तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "ताई, वर्गणी न देता मंडळीत पुढे कसा बसू?"

परतताना गाडीत मी काही बोलले नाही. ती मुलगी नंतर शाळेत आलीच नाही. आता तिलाही दोन लेकरे आहेत.

आता वचनाकडे वळू.

लूक १४ मध्ये प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो. तो आधी बसतो आणि पुरे करण्याइतके आपल्याजवळ आहे का हे पाहतो. हा भाग घरखर्चाविषयी नाही, शिष्य होण्याची किंमत मोजण्याविषयी आहे, हे डिप्लोमाच्या वर्गात आमच्या गुरुजींनी पक्के केले होते. त्यामुळे त्यातून बजेटचा धडा ओढून काढणार नाही. एवढेच लक्षात घ्या की, आधी बसून हिशेब करणारा माणूस प्रभूच्या नजरेत अविश्वासी नाही. "प्रभू पुरवील" असे म्हणून आपण पुष्कळदा जे करतो, त्यात शेवटी पुरवतो तो मुकादम किंवा सावकार.

खरा आधार मला १ करिंथ १६ मध्ये सापडला. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी मदत गोळा होत होती. पौलाला ती किती महत्त्वाची होती, हे त्याच्या दुसऱ्या पत्रांवरूनही कळते. तरी तो काय सांगतो पाहा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपल्याजवळ ठेवावे, आणि आपल्या मिळकतीच्या मानाने. कारणही देतो, मी आल्यावर धावपळीने गोळा करायला लागू नये. म्हणजे पवित्र कामाची वर्गणीसुद्धा त्याला ऐनवेळी, सर्वांच्या देखत नको होती. आणि घरटी ठरावीक आकडा तर त्याने लावलाच नाही. मी लावला होता.

तिसरा भाग थोडा वेळ घेऊन वाचावा अशी विनंती आहे. येशू बाळाला यरुशलेमेच्या मंदिरात आणले, तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी पक्ष्यांचा यज्ञ केला, होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्ले. लेवीय १२ उघडून पाहा. शुद्धीकरणाचा यज्ञ कोकराचा. ऐपत नसेल तर दोन पक्षी. म्हणजे तारणाऱ्याच्या जन्मानंतरचा हा विधी गरिबाच्या दरात झाला. देवदूत ज्याच्या जन्माची वार्ता घेऊन आले, त्या लेकरासाठी कोकरू उसने आणावे असे त्या आईबापांना वाटले असेल का? शास्त्राने त्यांच्यासाठी एक वाट ठेवली होती, ती त्यांनी घेतली. आणि त्याच दिवशी शिमोनाने ते बाळ हातात घेतले, हन्ना त्याच्याविषयी बोलत राहिली. पक्ष्यांकडे पाहून कोणी नाक मुरडल्याची नोंद लूकने केलेली नाही.

एक गोष्ट शास्त्राबाहेरची. आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे, स्वातंत्र्याच्या आधी वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचा आणि त्या पैशांपायी त्याच्या दारी वर्षानुवर्षे राबायचा. बहुधा बायकोही. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ साली तिथल्या वारल्यांनी याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकीकत आहे. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ मध्ये. आनंदाच्या एका दिवसाच्या कर्जात माणूस कसा अडकतो, हे आदिवासी समाजाला नव्याने शिकवायची गरज नाही. आपण मंडळी म्हणून त्याच वाटेवर दिवे तर लावत नाही ना, एवढाच माझा प्रश्न आहे.

शहरातल्या घरांनीही हा दुसऱ्यांचा प्रश्न समजू नये. दीडी ऐकून आपल्याला धक्का बसतो, पण क्रेडिट कार्डाचे बिल पुरे न भरता पुढे ढकलले, तर अनेक कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागते. वर्षाचे चाळीसच्या आसपास जाते. माझ्या स्वतःच्या घरी एका वर्षी केक, पडदे, नवा मोबाइल आणि गावी जाण्यात डिसेंबरचा पगार पंधरवड्यात संपला, आणि जानेवारीत मुलाच्या क्लासची फी भरायला बांगड्या पतपेढीत ठेवाव्या लागल्या. त्या वर्षी मी महिला मंडळात काटकसरीवर छान बोलले होते.

नंतर दुसऱ्या मंडळीत आल्यावर आम्ही जे केले ते सांगते. सगळे जमले असे नाही.

पहिले काम म्हणजे ऑगस्टमध्ये, उपासनेनंतर, सर्वांनी बसून ठरवणे. नाताळाला काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही हे ठरवायला जास्त वेळ गेला. डीजे नको, यावर तरुण संघ रुसला. घरटी वर्गणी बंद करून दाराशी झाकणाची पेटी ठेवली, कोणी किती टाकले हे कोणाला दिसू नये म्हणून. जेवण डाळ-भाताचे करू, असे मी सुचवले तर एक वयस्कर काका उठून म्हणाले, "नाताळाला डाळ-भात? मग रोज काय खातो?" त्यांचे खरे होते. उत्सव उत्सवासारखाच हवा. मार्ग बायकांनी काढला. गावठी कोंबडीचे पिल्लू पावसाळ्यात पाळायला घेतले तर पाच-सहा महिन्यांत, म्हणजे नाताळापर्यंत, जेवणाजोगे होते. ज्या घराला जमेल त्याने एक पिल्लू नाताळाच्या नावाने वाढवायचे. काही मुंगसाने नेली, काही रोगाने गेली, एक काकांच्याच कुत्र्याने खाल्ले. तरी रस्सा झाला. तांदूळ नोव्हेंबरच्या मळणीवरच पायलीने बाजूला काढला, तेव्हा तो जड जात नाही. डिसेंबरमध्ये तोच तांदूळ दुकानातून आणायचा म्हणजे रोख लागते.

पैशांसाठी रविवारचा डबा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारपासून नाताळापर्यंत सोळा-सतरा रविवार मिळतात. वीस रुपये टाकले तरी तीनशेच्या वर जातात, पन्नास टाकले तर आठशे. दोन लेकरांचे साधे कपडे आठवडेबाजारातून तेवढ्यात येतात, आणि गर्दीच्या आधी घेतले तर घासाघीस करता येते. पण घरातला डबा घरात राहत नाही, हे पहिल्याच वर्षी कळले. एकीच्या नवऱ्याने फोडला, एकीला लेकराच्या तापात फोडावा लागला. तापासाठी फोडला त्याचे वाईट वाटून घेऊ नये, ते पैसे त्यासाठीच होते असे समजावे. दुसऱ्या वर्षापासून बचत गटाच्या वहीत वेगळे पान केले. ज्यांना पोस्ट जवळ आहे त्यांनी आवर्ती ठेव पाहावी, महिना १०० रुपयांपासून निघते. मात्र तिची मुदत पाच वर्षांची आहे, या नाताळाला ती उपयोगी नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. ती कुटुंबे दसऱ्यानंतर निघतात, त्यांच्या वाट्याला सहा-सातच रविवार येतात, आणि तेही वर्षातल्या सर्वांत ओढीच्या दिवसांत. त्यांच्यासाठी आम्ही दोन गोष्टी करतो. एप्रिलमध्ये हिशेब होऊन जे हातात येते त्यातले काही लगेच नाताळाच्या पानावर लिहून ठेवतो. आणि मंडळीतर्फे दोघे-तिघे २६-२७ डिसेंबरला पडावावरच जातात, उपासना तिथेच घेतात. भाडे वाचते, मजुरीचा दिवस बुडत नाही. पहिल्या वर्षी मला वाटले लोक नाराज होतील. उसाच्या पाचटाच्या खोपीवर कोणीतरी बांबूची चांदणी बांधून ठेवली होती.

मदत पाठवणाऱ्या बंधू-भगिनींना एक नम्र सूचना. आपल्या प्रेमाच्या भेटी बहुतेक डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचतात. तोवर ज्याला उचल घ्यायची त्याने घेतलेली असते. तेच दान जून-जुलैत आले तर बियाण्यासाठीची उचल टळते, आणि मग नाताळ आपोआप हलका होतो. स्वेटर आणि खाऊ नको असे मी म्हणत नाही. लेकरे त्यांची वाट पाहतात.

महिला मंडळात किंवा घरच्या प्रार्थनेत हा पाठ घेतलात तर मागच्या डिसेंबरचा खर्च आठवून कागदावर लिहा, आणि त्यातला कोणता खर्च कोणाच्या नजरेसाठी केला होता हे एकमेकांना मोकळेपणाने सांगा. नवरा-बायकोने हे एकत्र करावे. वेगवेगळे केले तर दोन वेगळे हिशेब निघतात, असा माझा अनुभव आहे. मंडळीच्या कमिटीत असाल तर आणखी एक विचारा : आपल्या मंडळीत वर्गणी न देता पुढच्या ओळीत बसलेले शेवटचे माणूस कोण होते?